वसईचं पडकं चर्च वाचायचं कसं: पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

भीमाशंकरला देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा पाहिली असेल, तर वसईच्या चर्चांची ओळख अर्धी झालेलीच आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या घंटा देशावर आल्या. भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच मानतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिराची आणखी एक, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. या घंटा ज्या मनोऱ्यांत वाजायच्या, त्यांतले काही वसईच्या किल्ल्यात अजून उभे आहेत. बाकी छप्पर गेलं, फरशी उखडली, भिंतींवर पिंपळ आले.

चर्च पडकं आहे म्हणून हिरमुसायचं कारण नाही. शाबूत, रंगवलेल्या चर्चमध्ये जे गिलाव्याखाली झाकलेलं असतं, ते इथं उघडं दिसतं: तुळयांची भोकं, कमानीचे सांधे, दोन वेगळ्या काळांतल्या बांधकामांची शिवण. फक्त बघायचा क्रम लागतो. लोक आत शिरून थेट वेदीकडे जातात, चार फोटो काढतात आणि ‘पोर्तुगीज काळातलं आहे’ एवढंच घेऊन बाहेर पडतात. पाण्यापासून आत असं चाललात, तर तीच वास्तू बरंच जास्त सांगते.

एका दिवसात एकच चर्च नीट होतं. किल्ल्यात सात-आठ आहेत. पहिल्या खेपेला सेंट जोसेफ घ्या. हे गावाचं मुख्य चर्च, पोर्तुगीजांच्या भाषेत ‘मात्रिझ’, आणि बंदराच्या दरवाजाजवळचं. बाकीची उरलेल्या वेळात नुसती फिरून बघावीत.

निघण्याआधी पुण्यातच एक रविवार

तयारीचा रविवार शनिवारवाड्यात घालवा. वाडा १७३२ मध्ये राहता झाला, १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं आणि जोती तेवढी राहिली. नसलेली इमारत असलेल्या दगडांवरून उभी करायचा सराव करायला पुण्यात याहून चांगली जागा नाही. एखादी जोती निवडा, तिची लांबी-रुंदी घ्या, खांबांचे तळखडे मोजा, दोन तळखड्यांमधलं अंतर लिहा आणि घरी येऊन कागदावर खोली काढा. ती कागदावर तिरकी निघाली, तर मोजणीत कुठं चुकलं ते वसईला जायच्या आधी कळेल. चुकायचं ते इथं चुकलेलं स्वस्त पडतं.

मग नाना पेठेतलं, क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च बघा. १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या चाकरीतल्या गोव्याच्या ख्रिस्ती शिपायांसाठी ही जागा दिली. वसई घेतल्याला तेव्हा ५३ वर्षं झाली होती. आजची इमारत मात्र १९ व्या शतकातली आहे. चालत्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, नसेल तेव्हा, विचारून, आत जा आणि कुठं काय असतं ते डोक्यात बसवा: लोक बसतात ते लांब दालन, त्याच्या टोकाला उंचवट्यावर वेदी, दोन्हींच्या मधली मोठी कमान, दाराच्या वर गाणाऱ्यांचा माळा. देवळाची भाषा वापरली तरी चालेल. दालन म्हणजे सभामंडप, वेदीचा भाग म्हणजे गाभारा. वसईत यातलं निम्मं दिसणार नाही, आणि काय दिसत नाही हे कळायला आधी ते कुठंतरी पाहिलेलं असावं लागतं.

सामान फार नको. ३० मीटरचा टेप, ५ मीटरचा पोलादी टेप, ओळंबा, होकायंत्र, चांगला टॉर्च, आलेखाचा कागद लावलेलं पॅड, शिसपेन्सिल (बॉलपेन घामानं पसरतं) आणि एक मीटर लांबीची काठी. काठीवर दर १० सेंटिमीटरला आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या. फोटोत ती उभी केली की माप आपोआप येतं. लेझरचं मापयंत्र असेल तर घ्या, पण भर उन्हात त्याचा लाल ठिपका दहा मीटरच्या पलीकडे दिसत नाही. समोरच्या भिंतीशी पांढरा पुठ्ठा धरायला एक माणूस लागतो. तसंही दोघांशिवाय हे काम होत नाही. तिसरा असला तर तो लिहील, आणि लिहिणारा वेगळा असला की चुका निम्म्या होतात.

जाणं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ. पावसाळ्यात किल्ला देखणा दिसतो, पण भिंती झाडोऱ्यात बुडालेल्या असतात, सांधे दिसत नाहीत आणि पायाखाली काय आहे ते कळत नाही. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेली जोडपी प्रत्येक कमानीत उभी असतात आणि त्यांच्या छायाचित्रकाराला तुमचा टेप नको असतो.

पुण्याहून पहाटेची गाडी धरून दादर, तिथून विरारची लोकल. वसई रोडला उतरलात तर किल्ला बंदरला जाणारी बस किंवा रिक्षा मिळते. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे भाईंदरला उतरून खाडीतून रो-रो बोटीनं वसईच्या जेट्टीवर जाणं. त्या दिवशी फेऱ्या आहेत का आणि किती वाजता, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. बोटीचा आग्रह हौसेचा नाही. हे शहर पाण्यावरून येणाऱ्या माणसाला दिसावं म्हणून बांधलं होतं. रस्त्यानं गेलं की आपण त्याच्या मागच्या दारानं शिरतो. गाडीनं जाणाऱ्यांनी घोडबंदर रस्त्याची कोंडी धरून दोन तास जास्त ठेवावेत.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हातात धरलेल्या कॅमेऱ्याला अडचण येत नाही. तिवई किंवा ड्रोन वापरायचा तर आधी परवानगी काढा. खापराचा किंवा कौलाचा तुकडाही उचलायचा नाही. तो जिथं पडला आहे तिथंच त्याला अर्थ आहे.

आधी पाठ समुद्राकडे

बंदराच्या दरवाजातून आत या, मागं वळून खाडी बघा आणि मग चर्चकडे तोंड करा. उल्हास नदीच्या मुखाशी, खाडीच्या उत्तर काठावर ही जागा आहे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. पुढं ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी झाली. राजा तिसरा जुआंव यानं १५४६ मध्ये इथं मुख्य चर्च बांधण्याचा हुकूम दिला. ते बंदराला लागून असावं हे साहजिक होतं. जहाजातून उतरलेला माणूस प्रथम तिथं जाणार, आणि उंच मनोरा खाडीत शिरणाऱ्या नावाड्याला खूण म्हणून उपयोगी पडणार.

आत न शिरता वास्तूला एक पूर्ण फेरी मारा. होकायंत्रानं दालनाचा लांब अक्ष कोणत्या दिशेला आहे ते टिपा. वेदी पूर्वेला असावी हा संकेत आहे, नियम नव्हे. बंदरावरच्या शहरात रस्ता आणि दरवाजा यांनाही मान द्यावा लागतो. फोनमधलं होकायंत्र वापरत असाल तर लोखंडी कठड्यापासून दूर उभे राहा, नाहीतर वीस-पंचवीस अंशांची चूक सहज होते.

फेरीत फक्त एवढंच शोधायचं: भिंतीत उभी रेघ कुठं आहे. जुन्या आणि नव्या बांधकामातले दगड एकमेकांत गुंफलेले नसतात, तिथं सरळ उभा सांधा दिसतो. हे शोधायला सबळ कारण आहे. याच चर्चवरचा लेख सांगतो की १६०१ मध्ये, आलेइशो द मेनेझिश आर्चबिशप आणि पेद्रु गाल्वांव परेरा इथले मुख्य धर्मगुरू असताना, हे मात्रिझ नव्यानं घडवलं गेलं. म्हणजे समोर दिसतं ते सगळं १५४६ च्या हुकुमाचं नाही. माहितीफलकावर एकच साल वाचून पुढं जाणारे इथंच फसतात. चर्चला जन्मसाल एक नसतं. पाया, वाढ, दुरुस्ती आणि पडझड यांची साल वेगळी असतात, आणि वहीत त्यांच्यासाठी चार वेगळे रकाने हवेत.

दगड

पुण्याच्या डोळ्याला इथं एक सोय आहे. गोव्यातल्या चर्चांचा जांभा आपल्याला परका, वसईचा दगड मात्र आपल्याच काळ्या पाषाणाचा भाऊ. भिंतींचं पोट डबराचं, म्हणजे अनघड दगड आणि चुना यांचं. कोपरे, दारांच्या चौकटी, कमानी, खांब एवढेच घडीव. वसईच्या आसपासचा बारीक पोताचा दगड घडवायला इतका चांगला होता की तो जहाजांतून गोव्याला जायचा. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागात जांभ्यावर वसईचाच बसाल्ट आहे.

डबराची भिंत उघडी राहावी अशी कधीच कल्पना नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता, पांढरा. आजचा काळा-करडा, उदास किल्ला हा गिलावा झडल्याचा परिणाम आहे. खाडीतून येणाऱ्याला हे शहर पांढरं दिसत असे. गिलावा म्हणजे भिंतीची छत्री. ती गेली की पाऊस थेट सांध्यांत शिरतो, चुना धुऊन नेतो, मग सैल झालेल्या दगडात पिंपळाचं बी रुजतं. ‘जुना दगड उघडा ठेवला की अस्सल दिसतो’ ही समजूत गोव्यात बॉम जेझूसला महाग पडली. तिथं १९५० च्या दशकात गिलावा काढला आणि तेव्हापासून जांभा झिजतो आहे.

उरलेला गिलावा शोधायचा तो आडोशाला: कमानीच्या पोटात, कोनाड्यांत, खिडकीच्या बाजूच्या जाडीत. सापडला तर कडेनं त्याची जाडी मोजा आणि थर मोजा. नखानंही खरवडू नका. दरजांमध्ये करडा, काचेसारखा कडक माल भरलेला दिसला तर तो सिमेंट, म्हणजे अलीकडची दुरुस्ती. चुन्याचा सांधा ओलावा बाहेर सोडतो. सिमेंट तो अडवतं, मग पाणी दगडातून किंवा शेजारच्या गिलाव्यातून बाहेर पडतं आणि खाऱ्या हवेतलं मीठ तिथं स्फटिक होऊन पापुद्रे सोडवतं. म्हणून सिमेंटच्या पट्टीशेजारची झीज ही पोर्तुगीजांच्या कामातली खोट समजू नये.

भिंतीत ठरावीक उंचीवर, ओळीनं, सारख्या अंतरांवर छोटी चौकोनी भोकं दिसतील. किल्ल्यात आल्यामुळे प्रत्येकाला त्या जंग्या वाटतात, बंदुकीसाठीच्या. नव्हेत. ती परांचीची भोकं. गवंड्यांनी आडवी लाकडं भिंतीत खोचून त्यांवर फळ्या टाकल्या. काम झाल्यावर लाकूड काढलं किंवा कापलं. जंगी ओळखायची तर ती आत रुंद आणि बाहेर अरुंद असते, आणि तिच्यामागं माणसाला उभं राहायला जागा असते. परांचीच्या दोन ओळींमधली उंची मोजून ठेवा. एका टप्प्यात गवंडी किती उंच बांधत होता ते त्यावरून कळतं, आणि पुढं उंची काढायलाही त्याचा उपयोग होतो.

मोजणी

इथं घाई केली की सगळं फुकट. दालनाच्या एका लांब भिंतीला समांतर टेप जमिनीवर टाका आणि दोन्ही टोकं दगडानं दाबून ठेवा. ही तुमची आधाररेषा. ती शेवटपर्यंत हलवायची नाही. दारं, खिडक्या, खांब, कोनाडे यांची अंतरं एकाच शून्यापासून अखंड वाचा: ३.४२, ५.१०, ८.७५ अशी. दारापासून खिडकी, खिडकीपासून कोपरा असं तुकड्यातुकड्यानं मोजलं, तर प्रत्येक तुकड्याची सेंटिमीटरभर चूक जमत जाते आणि दहा तुकड्यांत दहा सेंटिमीटरपर्यंत फरक पडतो.

कोपरे ठरवायचे ते त्रिकोणानं. आधाररेषेच्या दोन टोकांपासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचं अंतर घ्या. घरी कंपासनं दोन कंस मारले की कोपरा सापडतो. फक्त दोन्ही अंतरांमधला कोन फार चिंचोळा किंवा फार पसरट नको. ३० अंशांखाली किंवा १५० च्या वर गेला की कंस एकमेकांना इतके तिरके कापतात की बिंदू कुठं धरायचा तेच कळत नाही. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. ९.७० मीटर रुंद आणि २५ मीटर लांब दालन काटकोनी असेल तर कर्ण २६.८२ मीटर यायला हवा. दोन कर्णांत दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक आला तर तो सुधारू नका. जुनी दालनं तिरकी असतात. आकृती ‘नीट’ करण्याच्या मोहात खरी माहिती मरते.

टेप हवेत धरला की मध्ये झोळ पडतो आणि माप जास्त येतं. शक्यतो जमिनीवर टेकवा, किंवा मधोमध एकानं हात द्या. डबराच्या भिंतीवर खळग्यात टेकलेलं माप आणि उंचवट्यावर टेकलेलं माप यांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून एकाच जागेची तीन मापं घेऊन मधलं धरा. भिंतीची जाडी दारात किंवा खिडकीत मोजतात, आणि तिथं बाजू तिरक्या असतील तर आतली-बाहेरची दोन्ही रुंदी लिहा.

आता यातली मजेची गोष्ट. पोर्तुगीज गवंडी मीटरमध्ये मोजत नव्हते. त्यांचा ‘पाल्मु’ २२ सेंटिमीटरचा आणि १० पाल्मुंचा एक ‘ब्रासा’, म्हणजे २.२० मीटर. समजा दालनाची रुंदी तुम्हाला ९.७५ मीटर आली. भागिले ०.२२ केलं की ४४.३ पाल्मु, काहीतरी अर्धवट. पण गिलावा झडला आहे. दोन्ही बाजूंचा तीन-तीन सेंटिमीटर धरून वजा केलात तर ९.६९, म्हणजे जवळजवळ नेमके ४४ पाल्मु. असं दोन-चार मुख्य मापांत जमलं तर आराखडा पाल्मुत आखला होता असं म्हणायला हरकत नाही. एकाच मापात जमलं तर तो योगायोग धरा. आणि गिलाव्याची जाडी हिशेब जमेपर्यंत वाढवत नेऊ नका. ती आडोशाच्या तुकड्यावर मोजलेलीच वापरा.

मनोऱ्यात गोल जिना आहे. तो बंद असेल तर कडी उचकटायची नाही, उघडा असेल तरी झिजलेल्या पायऱ्यांवर टेप घेऊन चढायचं कारण नाही. उंची खालून काढता येते. मीटरची काठी सपाट जमिनीवर ओळंब्यात उभी करा, तिची सावली मोजा, आणि पाच मिनिटांच्या आत मनोऱ्याची सावली मोजा. काठीची सावली ०.८० मीटर आणि मनोऱ्याची १४ मीटर असेल तर उंची १४ भागिले ०.८०, म्हणजे १७.५ मीटर. सपाट माथ्याच्या मनोऱ्याची सावली त्या बाजूच्या भिंतीच्या पायापासून मोजायची, कारण सावलीचं टोक त्याच बाजूच्या वरच्या कडेचं असतं. माथा टोकदार असता तर मनोऱ्याच्या मध्यापासून मोजावं लागलं असतं. ही गल्लत केली की उंची दोन-तीन मीटरनं चुकते. ऊन भिंतीला काटकोनात असेल ती वेळ निवडा, आणि माथ्याची एक कड ढासळलेली असेल तर सावली कोणत्या कडेची आहे ते लिहून ठेवा.

नसलेलं छप्पर

दालनात मध्यभागी उभे राहून दोन्ही लांब भिंतींचा वरचा काठ बघा. परांचीच्या भोकांपेक्षा मोठी, एका पातळीत आणि समोरासमोर जोडीनं येणारी भोकं तुळयांची. तुळया म्हणजे लाकडी छप्पर, त्यावर कौलं. टोकाच्या त्रिकोणी भिंतीवर गिलाव्याची तिरकी रेघ किंवा खाच उरली असेल तर तो छपराचा उतार. पायथ्यापासून शेंड्यापर्यंतची उंची भागिले अर्धी रुंदी, एवढं टिपलं की छप्पर कागदावर परत चढवता येतं. दोन समांतर तिरक्या रेघा दिसल्या तर छप्पर कधीतरी वर-खाली केलेलं आहे.

दाराच्या बाजूला, जमिनीपासून अर्ध्या उंचीवर तुळयांच्या भोकांची वेगळी ओळ सापडली, तर तिथं गाणाऱ्यांचा लाकडी माळा होता. भिंतीत उंचावर कुठंच न जाणारं दार दिसलं तर आधी त्या माळ्याचा विचार करा. बाजूच्या भिंतीत पुरुषभर उंचीवर एकच भक्कम दगड बाहेर आलेला असेल आणि त्याच्यामागं चिंचोळं दार असेल, तर ते प्रवचनाचं व्यासपीठ.

वेदीच्या भागावर कमानीचं दगडी छत असू शकतं. गाभाऱ्याला दगड आणि सभामंडपाला लाकूड, ही विभागणी आपल्याला नवी नाही. अशा छताच्या पोटात, अगदी माथ्यावर, लांबीच्या दिशेनं तडा असेल तर आधाराच्या भिंती बाहेर सरकल्या आहेत. त्याच्याखाली उभं राहून वर कॅमेरा धरू नये. कमानींच्या पोटाला आग्या मोहोळ असतं; अत्तर, धूर आणि मोठा आवाज, तिन्ही टाळा. मध्यान्ही दगडांच्या ढिगाऱ्यात हात घालू नका, घोणसही त्याच सावलीत असते. आणि भिंतीतलं रोप उपटू नका. मूळ सांध्यात फुगलेलं असतं, ओढलं की दगडासकट येतं.

लेख आणि थडगी

कोरलेली अक्षरं दुपारच्या उन्हात आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये सपाट होतात. टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, दहा-पंधरा अंशांवर, जवळजवळ घासून धरा. अक्षरं सावलीनं उठून येतात. एकदा डावीकडून, एकदा वरून, असे दोन फोटो घ्या, कारण टॉर्चच्या दिशेनं जाणाऱ्या रेघा एकाच फोटोत हरवतात. खडू, हळद, तेल, पाणी यांतलं काहीही लावायचं नाही. खडूनं अक्षर भरणारा माणूस आपल्याला वाटलेलं अक्षर दगडावर लिहून ठेवतो, आणि पुढचा तेच वाचतो.

पोर्तुगीज येत नसली तरी थडग्यावरचा मजकूर ठरावीक असतो. ‘आकी जाझ’ म्हणजे इथं विसावला आहे. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, पुष्कळदा नुसतं पहिलं अक्षर. ‘सुआ मुल्येर’ त्याची बायको, ‘एर्देइरुश’ वारस, ‘फालेसेउ’ वारला. ‘यू’ च्या जागी ‘व्ही’ आणि ‘जे’ च्या जागी ‘आय’ कोरलेला असतो. जागा वाचवायला दोन अक्षरं एकात एक बसवलेली असतात आणि शब्द गाळून वर छोटी रेघ दिलेली असते. आधी जसं दिसतं तसं उतरवा, न दिसणाऱ्या अक्षराला टिंब द्या, अर्थ नंतर. घरी आल्यावर १८७६ मध्ये गर्सन दा कुन्हा यांनी छापलेल्या वसईच्या लेखांच्या नकलांशी ताडून बघता येतं. तेव्हा शाबूत असलेली अक्षरं आज गेलेली असतील, तर तो फरकही नोंदवण्यासारखा आहे.

उरलेल्या वेळात बाकीची चर्चं बघताना दारावरची खूण बघून पंथ ओळखा. आय-एच-एस ही तीन अक्षरं, मधल्यावर क्रूस आणि खाली तीन खिळे, तर ते जेझुइटांचं. एकमेकांवर आडवे आलेले दोन हात, तर फ्रान्सिस्कन. बाणानं विद्ध हृदय, तर ऑगस्टिनियन. टोकांना फुलांचा आकार दिलेला क्रूस डॉमिनिकनांचा असू शकतो, पण एवढ्यावर निकाल देऊ नये. नावांचा एक घोटाळा मात्र नक्की होतो. डॉमिनिकनांचं चर्च संत गोन्सालु यांचं, म्हणजे पोर्तुगालमधल्या आमारांतच्या मध्ययुगीन संताचं. वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले आणि १८६२ मध्ये संत घोषित झालेले गोन्सालो गार्सिया ते वेगळे. त्यांच्या नावानं आज ओळखलं जातं ते मुळात जेझुइटांचं चर्च. तिथं उपासना होते, तेव्हा टोपी काढून, टेप खिशात ठेवूनच आत जायचं.

पडलं कशामुळे

पुण्याच्या माणसाला प्रत्येक भगदाडात मराठ्यांची तोफ दिसते. सुरुंग आणि तोफांचा मारा झाला तो मुख्यतः तटाला आणि बुरुजांना. चर्च पडायला लढाई लागत नाही, ओसाड पडणं पुरतं. लोक गेले, घंटा गेल्या, मग कामाचं लाकूड जातं, लाकूड गेलं की कौलं येतात खाली, आणि उघड्या भिंतीला कोकणातले पावसाळे पुरे होतात. त्याआधीही धक्के बसले होते. १६१८ च्या मे महिन्यातलं वादळ वसईच्या वास्तूंना फार जाचलं. १७८० मध्ये इंग्रजांनी पुन्हा वेढा घालून किल्ला घेतला. तेव्हा वहीत ‘तोफेनं’ असं लिहिण्याआधी पुरावा बघा. गोळा लागलेला दगड एका बिंदूपासून फुटलेला असतो आणि भोवती किरणांसारख्या भेगा असतात. पावसानं पडलेली भिंत वरून खाली ढासळते, तिचा ढीग तिच्याच पायाशी असतो. ढीगच नसेल तर दगड कुणीतरी वापरायला नेला.

परत आल्यावर तारखा

आकृती आठवड्याच्या आत काढा, नंतर स्वतःचंच अक्षर लागत नाही. मग कागद. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे, आणि पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे रियासतकार सरदेसाईंनी संपादलेले ४५ खंड मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. वसईच्या मोहिमेचा पत्रव्यवहार त्यांत आहे.

तारखा जुळवताना तीन पंचांगं समोर येतात. पोर्तुगीज १५८२ पासून नवं, ग्रेगरी पंचांग वापरत होते. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनंच, आणि १८ व्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर होतं. म्हणून वसईच्या शरणागतीची तारीख एका ठिकाणी १६ मे १७३९ आणि दुसऱ्या ठिकाणी ५ मे दिसते. दोन्ही बरोबर, दिवस एकच. मराठी कागदात शुहूर सन असतो, अरबी शब्दांत लिहिलेला आणि मृगाला बदलणारा. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ९, ३०, १०० आणि १०००, एकूण ११३९. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. वसई पडली ती मृगाच्या आधी, म्हणून ११३९ अधिक ६००, १७३९. इथं ५९९ मिळवणारा माणूस वेढा एक वर्ष आधी संपवून बसतो.

वहीच्या पहिल्या पानावर मोजणीची तारीख, वेळ, मोजणाऱ्यांची नावं आणि कोणता टेप वापरला ते लिहा. मूळ कच्च्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि ती पानं सुबक आकृती झाली म्हणून फेकू नका. पुढच्या पावसाळ्यानंतर एखादी कमान कमी झाली, तर तिचं माप त्याच पानांवर असेल.